मुन्नाभाईचा पुसलेला पश्चात्ताप
राजकुमार हिरानी यांच्या २००३ मधील ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’च्या अखेरीस गुंड मुन्ना माणसांत आला, विवाहबद्धही झाला. २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त पाहावे तो स्वारी पुन्हा घरे बळकावीत आहे, पळवून आणलेल्या प्राध्यापकांकडून प्रश्नमंजूषेची उत्तरे वदवून घेत आहे! डॉक्टर वधूचा मागमूसही नाही. हा दुसरा चित्रपट आम्हांस अधिक आवडला, हे खरे. परंतु माणूस पालटतो या विश्वासावर गांधीजींचे राजकारण उभे होते. त्यांचाच धडा रंगावा म्हणून पहिला पश्चात्ताप पुसून टाकणे आम्हांस रुचले नाही. सुधारलेला गुंड निर्मात्यांना परवडत नसावा. सत्यजित राय यांच्या अपूचे तसे नाही. १९५५ ते १९५९ या काळातील तीन चित्रपटांत तो बहीण, आईबाप, पत्नी गमावतो. अखेरीस मुलाला खांद्यावर घेऊन निघतो, तेव्हा ती सारी मरणे त्याच्या चेहऱ्यावर असतात.