देवडीवरचा पहारेकरी: घरच्या फायरवॉलसाठी यंत्र निवडताना

२०२५ च्या मे महिन्यात एफबीआयने अमेरिकी नागरिकांना इशारा दिला की, ज्यांची सॉफ्टवेअर-दुरुस्ती उत्पादकांनी थांबवली आहे असे जुने घरगुती राउटर गुन्हेगारांच्या ताब्यात जात असून त्यांच्या आडून ते आपली ओळख लपवीत आहेत. महिनाही लोटला नाही तोच, ५ जून रोजी, दुसरा इशारा आला. तो ‘बॅडबॉक्स २.०’ या जाळ्याविषयी होता. त्यात स्वस्त टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटोफ्रेम अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूंचा उल्लेख होता. जुलैत गूगलने या जाळ्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा त्यात अडकलेल्या उपकरणांची संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे सांगण्यात आले.

अमेरिकेतील भारतीय घरांना ही बातमी परकी नाही. मातृभाषेतील वाहिन्या दिसाव्यात म्हणून घेतलेला अनोळखी बनावटीचा टीव्ही बॉक्स ज्या वाय-फायवर चालतो, त्याच वाय-फायवर कार्यालयाचा लॅपटॉप असतो, बँकेचे व्यवहार होतात आणि पुण्या-नाशिकच्या आईवडिलांशी रात्रीचे बोलणे होते. जुन्या वाड्यांत आलेल्या-गेलेल्याची चौकशी देवडीवर होई. आत शिरलेल्याला माजघरापर्यंत मोकळी वाट नसे. बहुतेक घरगुती राउटर मात्र एकदा आत आलेल्या प्रत्येकाला सारे घर खुले करून देतात.

ही देवडी स्वतः उभारणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअरचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. पीएफसेन्सचा प्रकल्प २००४ साली ‘मोनोवॉल’ या जुन्या प्रकल्पातून निघाला. ओपीएनसेन्स २०१५ च्या जानेवारीत पीएफसेन्समधून वेगळा झाला. दोन्ही फ्रीबीएसडी या प्रणालीवर चालतात. ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवरचे भावंड; त्याचा जन्म लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या खुल्या झालेल्या सॉफ्टवेअरमधून झाला. तिन्ही विनामूल्य मिळू शकतात, आणि त्यांच्या दुरुस्त्या यंत्राच्या उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. सारा कस लागतो तो यंत्राच्या निवडीत.

आपले यंत्र लावण्याचा हक्क अमेरिकेत जुना आहे. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयात एफसीसीने दूरध्वनीच्या जाळ्याला ग्राहकाचे स्वतःचे उपकरण जोडण्याची वाट मोकळी केली. डिसेंबर २०२० पासून तर ग्राहक स्वतःचा राउटर वापरत असताना इंटरनेट कंपनीला त्याचे भाडे आकारण्यास मनाई आहे. मासिक बिलात ती ओळ अजून दिसत असेल तर तक्रार करावी. तरीही खरेदीपूर्वी आपली जोडणी कशी आहे हे पाहणे आवश्यक. व्हेरायझन फायोसच्या भिंतीवरील पेटीतून येणारी इथरनेट तार बहुधा थेट आपल्या राउटरला लावता येते. एटी अँड टी फायबरमध्ये कंपनीची पेटी काढून टाकता येत नाही. तिच्यातील ‘आयपी पासथ्रू’ सुविधेवर काम भागवावे लागते. केबलची जोडणी असेल तर मोडेम वेगळा हवा, किंवा कंपनीची पेटी ‘ब्रिज’ अवस्थेत टाकावी लागते.

यंत्र घेताना नवशिक्यांची नजर प्रथम प्रोसेसरवर जाते आणि तिथेच पैसा वाया जातो. राउटरचे जीवन त्याच्या जाळे-चिपवर, म्हणजे इथरनेट पोर्टमागच्या चिपवर अवलंबून असते. पीएफसेन्स व ओपीएनसेन्स वापरणाऱ्यांचा अनुभव असा की फ्रीबीएसडीचे इंटेलच्या चिपशी चांगले जुळते. रियलटेकच्या चिप चालतात, पण भार वाढला की त्यांच्या तक्रारी वाढतात आणि अनेकदा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. ओपनडब्ल्यूआरटी घेणाऱ्याला ही अडचण कमी जाणवते. अर्थात इंटेलचे नाव म्हणजे अभयदान नव्हे. २.५ गिगाबिटच्या आय२२५ चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत दोन पॅकेटांमधील अंतराचा दोष निघाला. काही स्विचांशी जोडताच वेग कोसळे. कंपनीला सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. म्हणून आज नवे यंत्र घेताना आय२२६ पाहावी. एक गिगाबिट पुरेसे असेल तर आय२१० किंवा आय३५० या जुन्या, कसाला उतरलेल्या चिप उत्तम. मात्र चार पोर्टांच्या आय३५० कार्डांच्या बनावट प्रती ऑनलाइन बाजारात सर्रास विकल्या जातात. सर्व्हरमधून काढलेले, डेल किंवा एचपीच्या शिक्क्याचे वापरलेले कार्ड हे निनावी नव्या कार्डापेक्षा बहुधा अधिक विश्वासार्ह ठरते.

जुन्या मालात आणखी एक सापळा आहे. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० मालिकेतील प्रोसेसरांत घड्याळ-संकेत बंद पडण्याचा दोष असल्याचे २०१७ च्या आरंभी उघड झाले. हा प्रोसेसर जाळ्यांच्या असंख्य उपकरणांत होता. सुमारे १८ महिन्यांच्या वापरानंतर बिघाड संभवतो, असे सिस्कोने आपल्या ग्राहकांना कळवले होते. यंत्र एकदा बंद झाले की पुन्हा उठतच नसे. स्वस्तात मिळणाऱ्या फायरवॉल-पेटीच्या वर्णनात सी२३५८ किंवा सी२५५८ असे आकडे दिसले तर पुढे जावे.

प्रोसेसरचा विचार आपल्या जोडणीच्या वेगापासून करावा. एक गिगाबिटपर्यंतच्या जोडणीत पॅकेट पुढे ढकलून साधे नियम तपासण्यास इंटेलचा चार गाभ्यांचा एन१०० भरपूर आहे. तो २०२३ च्या सुरुवातीला आला आणि त्याची नोंदलेली उष्णता-मर्यादा अवघी ६ वॅट आहे. सुरिकाटासारखी घुसखोरी ओळखणारी प्रणाली प्रत्येक पॅकेट उघडून पाहते, तेव्हा मात्र त्याला घाम फुटतो. पीपीपीओई पद्धतीची जोडणी असेल तर फ्रीबीएसडीवर येणाऱ्या वाहतुकीचा भार मुख्यतः एकाच गाभ्यावर पडतो. तिथे जास्त गाभ्यांपेक्षा प्रत्येक गाभ्याचा वेग मोलाचा. ओपनव्हीपीएन वापरणाऱ्याने प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय आहे ना, हे पाहावे. वायरगार्डला त्याचा उपयोग नाही, कारण त्याची कूटपद्धतीच निराळी आहे.

व्हिडिओ बोलताना घरात कोणी मोठी फाइल चढवू लागले की पलीकडचा चेहरा गोठतो. हा दोष बहुधा वेगाचा नसून मोडेममध्ये साचणाऱ्या पॅकेटांच्या रांगेचा असतो. एफक्यू-कोडेल ही पद्धत ती रांग आटोक्यात ठेवते. तिच्यासाठी प्रोसेसरची थोडी शक्ती राखून ठेवावी. अनेक कुटुंबांना या साऱ्या खटाटोपातून जाणवणारा पहिला फरक हाच असतो.

अडगळीतला जुना डेस्कटॉप वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण राउटर वर्षाचे ८,७६० तास चालतो. ५० वॅट खाणारा डेस्कटॉप वर्षाला ४३८ युनिट घेतो, १० वॅटची पेटी जेमतेम ८८. युनिटला ३० सेंट असा दर धरला, आणि कॅलिफोर्नियात हा दर नवलाचा नाही, तर दरवर्षी सुमारे १०५ डॉलरचा फरक पडतो. फुकटचा डेस्कटॉप दोन वर्षांत महाग होतो.

मग उरतात तीन वाटा. कार्यालयांतून निघालेले लेनोवोचे एम७२०क्यूसारखे छोटे संगणक वेगळा रायझर बसवून जाळे-कार्ड स्वीकारतात. ही वाट स्वस्त आणि टिकाऊ, फक्त थोडी हातसफाई लागते. चार पोर्टांच्या, पंखा नसलेल्या एन१०० पेट्या आकर्षक आहेत, परंतु निनावी विक्रेत्यांकडून बायोसच्या दुरुस्त्या येण्याची आशा धरू नये आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये तर त्या ठेवूच नयेत. तिसरी वाट नेटगेट, डेसिसो किंवा प्रोटेक्टली यांच्या तयार यंत्रांची. किंमत अधिक, पण विचारायला दार असते. ८ जीबी मेमरी आणि छोटी एसएसडी कोणत्याही वाटेवर पुरेशी. मदरबोर्डला चिकटवलेली ईएमएमसी साठवण नोंदी लिहून लिहून झिजते, म्हणून ती टाळलेली बरी.

पोर्ट किती असावेत? दोन असले तरी काम चालते, पण तीन-चार असले तर टीव्ही बॉक्सला स्वतंत्र पोर्ट देऊन घरापासून तोडता येते. तो वाय-फायवर असेल तर व्हीलॅन जाणणारा वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो. वाय-फाय फ्रीबीएसडीवर सोपवू नये. त्यात ते कच्चे आहे. आणि बॉक्स संशयास्पद वाटत असेल तर वेगळी खोली देऊन भागणार नाही. तो तिथूनही घराच्या पत्त्यावर इतरांची वाहतूक करीतच राहील. एफबीआयचा सल्ला तो जाळ्यातून काढण्याचाच आहे.

यंत्र बसवल्यावर ते चालू असतानाच भिंतीतला प्लग एकदा ओढून काढावा आणि दहा सेकंदांनी पुन्हा लावावा. वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये करावी लागते आणि फाइल-प्रणाली म्हणून झेडएफएस निवडली असेल तर अशा धक्क्यातून ती सहसा सावरते. ही चाचणी घरातला जाणता माणूस घरी असतानाच व्हावी. तो भारतात गेलेला असताना नव्हे. जुना राउटरही पहिला महिनाभर कपाटात राहू द्यावा.