रेघ वाकते की तुटते?

ठाणे स्टेशनबाहेर मीटरच्या रिक्षात बसलात, की भाड्याचा आकडा २६ रुपयांपासून सुरू होतो आणि पहिला दीड किलोमीटर तिथेच थांबतो. मग दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे या हिशेबाने तो चढू लागतो. मुंबई महानगर प्रदेशात फेब्रुवारी २०२५ मध्ये हे दर लागू झाले. प्रवास एक, नियम दोन. अकरावीच्या गणितात यालाच ‘पीसवाइज फंक्शन’ म्हणतात, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी सांगितलेले फलन. त्याचा आलेख काढताना अनेक मुले अडखळतात. घरच्या मोठ्यांना मात्र हा विषय रोजच भेटत असतो.

आलेख कागदावर काढून पाहू. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर भाडे. आधी दीड किलोमीटरवर पेन्सिलीने एक तुटक उभी रेघ मारा. ही झाली सीमा. तिच्या डावीकडे भाडे २६, म्हणून सरळ आडवी रेघ. उजवीकडे भाडे म्हणजे १७.१४ गुणिले अंतर. दोन किलोमीटरला ३४ आणि तीनला ५१ रुपये, हे बिंदू जोडले की चढती रेघ मिळते.

नेहमीची चूक इथेच होते. मुले ही चढती रेघ मागे थेट शून्यापर्यंत ओढतात. त्या हिशेबाने अर्धा किलोमीटर साडेआठ रुपयांत व्हायला हवा. रिक्षावाले काका तो मान्य करणार नाहीत! सूत्राशेजारी लिहिलेली अट सूत्राइतकीच महत्त्वाची असते. सूत्र फक्त त्याच्या हद्दीत चालते.

आता सीमेवर पाहा. दीड किलोमीटरला दुसरे सूत्र २५ रुपये ७१ पैसे देते, म्हणजे पूर्ण रुपयांत २६. दोन्ही तुकडे जुळले. रेघ वाकली, पण तुटली नाही.

लोकलच्या तिकिटाचे तसे नसते. ठरावीक अंतरापर्यंत एकच भाडे आणि पुढे एकदम उडी. हा आलेख जिन्यासारखा दिसतो. प्रत्येक पायरीच्या ज्या टोकाला ते भाडे लागू असते तिथे भरीव ठिपका आणि जिथे लागू नसते तिथे पोकळ वर्तुळ काढतात.

वाकणे आणि तुटणे यांतला हा फरक खिशाला कळायला हवा. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिट या सीमा आहेत. ‘३०१वे युनिट पडले, की सगळे बिल वरच्या दराने,’ असे कल्याण-डोंबिवलीतल्या सोसायट्यांत हमखास ऐकू येते. ते खरे नाही. सोपे दर धरू: पहिल्या टप्प्यात युनिटला ५, दुसऱ्यात १० आणि तिसऱ्यात १५ रुपये. ३०० युनिटचे होतात २,५०० रुपये आणि ३०१ चे २,५१५. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. आलेख अधिक उभा होतो, तुटत नाही. म्हणून एका युनिटच्या धास्तीने आजीचा पंखा बंद करण्याचे कारण नाही.

प्राप्तिकरात मात्र रेघ खरोखर तुटली असती. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. ही सवलत नसती तर टप्प्यांच्या हिशेबाने १२ लाखांवर ६० हजार कर झाला असता. म्हणजे शंभर रुपये जास्त कमावणाऱ्याला एकदम ६० हजारांचा फटका! तो टाळण्यासाठी कायद्याने मध्ये आणखी एक तुकडा जोडला आहे: १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, कर त्याहून जास्त नाही. १२ लाख १० हजारांवर उपकर सोडून कर १० हजार. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हा तुकडा चालतो, पुढे नेहमीचे टप्पे. पगारवाढ घ्यावी की नको, या प्रश्नाचे उत्तर याच तुकड्यात आहे.

घरात अकरावीचा विद्यार्थी असेल, तर आज त्याच्या हाती विजेचे बिल द्या. आधी सीमा आखायला सांगा, मग प्रत्येक तुकडा त्याच्याच हद्दीत काढायला. शेवटी प्रत्येक सीमेवर एकच प्रश्न विचारा: रेघ वाकते की तुटते?