ऐकू येते, पण उमगत नाही : श्रवणयंत्राचे शास्त्र

माझे मामा विट्याला यंत्रमागावर कामाला होते. शेडमध्ये वीस-चोवीस माग एकाच वेळी चालत. धोट्याचा खडखडाट एवढा की शेजारच्या कामगाराशी बोलायचे तर हाताच्या खुणा कराव्या लागत, नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागे. तीस वर्षांनी ते घरी बसले, तेव्हा घरातील मंडळी त्यांना बोल लावू लागली की, "हे मुद्दाम ऐकत नाहीत." कारण एस.टी.चा हॉर्न त्यांना ऐकू येई, मामींची हाक ऐकू येई, पण नातीने शाळेतली गोष्ट सांगितली की ते नुसते मान डोलवीत. पुढे एका शिबिरात त्यांना खिशात ठेवायचे श्रवणयंत्र मोफत मिळाले. आठ दिवसांत ते ट्रंकेत गेले. "मामा, तुम्ही यंत्र का लावत नाही?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आवाज लई येतुया, पर बोलनं उमगंना."

मामांच्या ह्या एका वाक्यात श्रवणयंत्राची सगळी अडचण आली आहे. आवाज मोठा करणे सोपे आहे. बोलणे समजेल असे करणे ही निराळीच गोष्ट आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ह्या विषयात जी प्रगती झाली, ती ह्याच दोन गोष्टींमधील अंतर तोडण्यासाठी झाली. आपल्या समाजात यंत्रमागावर, साखर कारखान्यांत, दगडखाणीत राबणारे लोक पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

ध्वनी म्हणजे हवेतील कंप होय. सेकंदाला किती कंप होतात ती कंपनसंख्या; ती हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण माणसाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. परंतु एक आवाज म्हणजे एकच कंपनसंख्या असे मात्र नसते. हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानात जावे. तेथील सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची तार सेकंदाला १०० वेळा हलत असेल, तर तिच्यातून २००, ३००, ४०० असे वरचे स्वरही त्याच वेळी निघत असतात. कारागीर घोडीवर जवारी काढतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, तो हे वरचे स्वर फुलविण्यासाठीच. दोरा जरा इकडेतिकडे झाला की मूळ स्वर तोच राहतो, पण आवाज बोथट होतो.

ओघाने आले म्हणून सांगतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल यांनी बावीस श्रुतींची मोजणी करून १९१० मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्या कामी मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला होता. तारेची लांबी मोजून गळ्यातला स्वर आकड्यांत धरण्याचा तो प्रयत्न होता. त्या निष्कर्षांवर गायनपंडितांत पुढे बराच वाद झाला, तो येथे बाजूला ठेवू. परंतु आवाजाचे पृथक्करण हा विषय आपल्या भागाला परका नाही, एवढे खरे.

माणसाचे बोलणेही तंबोऱ्यासारखेच अनेक कंपनसंख्यांचे मिश्रण असते. अ, आ, ओ ह्या स्वरांचा जोर मुख्यत्वे खालच्या पट्ट्यात असतो आणि तो मोठा असतो. स, श, च, त, क ह्या व्यंजनांचा मात्र वरच्या पट्ट्यात, २००० ते ८००० हर्ट्झच्या दरम्यान असतो, आणि तो फार क्षीण असतो. आता 'साप', 'चाप', 'ताप', 'काप' हे चार शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. फरक आहे तो केवळ पहिल्या व्यंजनाचा. ज्याला वरच्या पट्ट्यातले ऐकू येत नाही, त्याला चारही वेळा नुसते 'आप' ऐकू येते. आवाज पोचला, शब्द पोचला नाही. मामांचे नेमके हेच झाले होते.

असे का होते? आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी ओळीने असतात. दाराजवळच्या पेशी उंच स्वरांना आणि आतल्या टोकाच्या पेशी खालच्या स्वरांना प्रतिसाद देतात, जणू हार्मोनियमच्या पट्ट्याच. सतत मोठ्या आवाजात राहिल्याने ह्या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला मार बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो, म्हणजे नेमका व्यंजनांच्या पट्ट्यावर. साधे बोलणे ६० डेसिबेलच्या आसपास असते. ८५ डेसिबेलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा समजली जाते, आणि पुढे दर तीन डेसिबेलला तो वेळ निम्मा करावा असे तज्ज्ञ सांगतात. ह्या हिशेबाने १०० डेसिबेलला पंधरा मिनिटे पुरेत. धोट्याच्या मागाच्या शेडमधला आवाज शंभराच्या घरात जातो आणि पाळी असते बारा तासांची!

आता यंत्राकडे वळू. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याची आई व पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हते आणि तो स्वतः कर्णबधिरांचा शिक्षक होता. १८७६ च्या त्याच्या टेलिफोनमधूनच विजेवर चालणाऱ्या श्रवणयंत्राची कल्पना निघाली. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर घातलेले श्रवणयंत्र बाजारात आले. खिशातला रेडिओ त्यानंतर आला, हे अनेकांना ठाऊक नसते. परंतु ही सर्व यंत्रे मामांच्या पेटीसारखीच होती. चमचा पडल्याचा आवाज आणि नातीचा आवाज ती जवळपास एकाच मापाने वाढवीत. शिवाय केशपेशी गेलेल्या कानाची आणखी एक गंमत असते. बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी अधिकच, टोचतो. म्हणजे 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' ह्यांमधली जागाच अरुंद झालेली असते. अशा कानात सगळेच मोठे करून ओतले तर माणूस यंत्र काढून ठेवणारच.

खरा बदल झाला तो १९९६ मध्ये, संपूर्ण अंकीय म्हणजे डिजिटल श्रवणयंत्रे बाजारात आली तेव्हा. ह्या यंत्रात मायक्रोफोनने घेतलेला आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत बदलतात. मग बोटाच्या पेरापेक्षा लहान संगणक त्या आकड्यांची कंपनसंख्येनुसार पट्ट्यांत वाटणी करतो. ज्या पट्ट्यात कान कमकुवत तेथे वाढ जास्त, जेथे शाबूत तेथे कमी. प्रत्येक पट्ट्यातही बारीक आवाज अधिक उचलायचा आणि मोठा आवाज आवरायचा, म्हणजे सारे त्या अरुंद जागेत बसते. पंख्यासारखा एकसुरी आवाज ओळखून दाबायचा. दोन मायक्रोफोनवर आवाज पोचण्यातील सूक्ष्म फरकावरून समोरच्याचे बोलणे ठेवायचे आणि पाठीमागचा गोंगाट कमी करायचा. कानातून निसटलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून जी शिट्टी वाजते, तिचाही हिशेब करून ती वजा करायची. आणि हे सर्व काही सहस्रांश सेकंदांत उरकायचे, कारण उशीर झाला तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

मात्र एवढा हुशार संगणक आंधळा असतो. कोणत्या पट्ट्यात किती वाढ द्यायची हे त्याला कानाच्या तपासणीचा आलेख पाहून सांगावे लागते. डोळे न तपासता वाटलेला चष्मा आणि कान न तपासता वाटलेले यंत्र, दोन्ही सारखेच. आम्ही मामांना श्रवणतज्ज्ञाकडे नेले, तेव्हा आलेख १००० हर्ट्झपर्यंत बरा आणि पुढे कड्यासारखा कोसळलेला निघाला. कानाच्या मापाचा साचा, आलेखाप्रमाणे जुळणी आणि त्यानंतर तीन फेऱ्या, इतके झाल्यावर मामा यंत्र लावू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःच्याच पायांचा आवाज नकोसा झाला. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते.

येथे एक गोष्ट खटकते. अपंगत्वाचा दाखला मिळण्यासाठी २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत, बोलण्याच्या कंपनसंख्यांवर, किमान ६० डेसिबेलची घट धरली आहे. मामांसारख्यांचा खालचा पट्टा शाबूत असल्याने त्यांची सरासरी त्याच्या आत राहते, आणि यंत्राचा खर्च स्वतःच करावा लागतो.

मोठ्या माणसाचे एवढे, तर तान्ह्या बाळाचे काय? मामांना भाषा आधी आली, बहिरेपण नंतर आले. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाला भाषाच मिळत नाही. आपण ज्यांना 'मुका' म्हणतो, त्यांतील बहुतेकांच्या घशात दोष नसतो. ऐकलेच नाही म्हणून बोलणे आले नाही. पहिली तीन वर्षे ही मेंदूने भाषा उचलण्याची मोलाची वर्षे असतात. "आमच्यात मुलं उशिराच बोलतात" असे म्हणून आजी-आजोबा ही वर्षे घालवतात. जन्मानंतर एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपाय, असे वेळापत्रक जगभर मानले जाते. चाचणी दुखत नाही. निरोगी कान स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो, हे लंडनच्या डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून तोच प्रतिध्वनी तपासतात.

ज्यांच्या केशपेशी जवळजवळ नाहीतच, त्यांना कितीही चांगले श्रवणयंत्र उपयोगी पडत नाही. त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट आहे. कानामागे घातलेला संगणक आवाजाची पट्ट्यांत वाटणी करतो आणि शस्त्रक्रियेने शंखात बसवलेल्या तारांतून सरळ श्रवणमज्जातंतूला विजेचे ठोके देतो. मेलबर्नच्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये असे अनेक तारांचे यंत्र माणसात बसवले. त्यांचे वडील कानाने अधू होते. केंद्राच्या ॲडिप योजनेत २०१४ च्या सुधारणेनुसार वर्षाला ५०० मुलांसाठी, प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत, ह्याची तरतूद झाली. ते काम मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. ही संस्था १९८३ मध्ये वांद्र्याला स्थापन झाली, आणि वाक्-श्रवण विषयाचे पदवी शिक्षणही तेथे मिळते. आपल्या विद्यार्थ्यांनी ह्या शाखेकडे पाहावे. डॉक्टर-इंजिनिअरखेरीज काही असते हे आमच्या पिढीला कोणी सांगितले नाही.

आपल्या मिरवणुकीतील डी.जे.बद्दलही लिहिले पाहिजे, मग कोणाला राग आला तरी चालेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ डेसिबेलची मर्यादा आहे. भिंतीएवढ्या पेट्यांसमोर लहान मुले नाचतात, तेथे किती असेल त्याचा अंदाज वरच्या हिशेबावरून करावा. कापसाचे बोळे कानात घालून फारसा उपयोग होत नाही. फोमचे बोळे थोड्या पैशांत मिळतात, आणि पेटीपासून दूर उभे राहायला पैसे लागत नाहीत.

ज्यांच्या घरी यंत्र ट्रंकेत पडून असेल, त्यांनी ते बाहेर काढून सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयाच्या किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. जाताना यंत्र, साचा आणि जुना आलेख असल्यास तोही न्यावा. कित्येकदा कानात मळ साचलेला असतो किंवा नळीत घामाचे पाणी. पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसाळ्यात रात्री यंत्र काढल्यावर बॅटरीचे दार उघडे ठेवून ते ओलावा शोषणाऱ्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे.