झागोरीचा गावचौक

वायव्य ग्रीसमधील पिंडस पर्वतात झागोरी हा ४६ खेड्यांचा मुलूख आहे. तिथे गावचौकाला ‘मेसोखोरी’, म्हणजे ‘गावाचा मध्य’ म्हणतात. मधोमध डेरेदार चिनार, जवळ चर्च आणि कॉफीचे दुकान. गावातल्या वाटा इथेच मिळतात. म्हणून बातमी, सोयरीक, भांडण, सणवार सारे इथेच!

दुसरे महायुद्ध आणि १९४६ ते १९४९ ची यादवी यांनंतर माणसे पोटासाठी शहरांकडे, परदेशी गेली. गावे ओस पडली. २०२३ साली युनेस्कोने झागोरीला जागतिक वारसा ठरवले. पण दगडी घरे राखली म्हणजे गाव राखले असे नव्हे. उन्हाळी जत्रेला मंडळी परततात, क्लॅरिनेट वाजते, चौकात फेर धरला जातो. पुढे हिवाळ्यात त्या चिनाराखाली कितीजण बसतात, यावरच गावाचे आयुष्य ठरते.