भरणारा हात (लेखमाला : नळी आणि नेम, लेखांक १४)

आज चोकवर लिहायचं कबूल केलं होतं. नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या केसभर आवळपणानं छर्रे कसे गोळा राहतात, हा विषय मला फार प्रिय आहे आणि निम्मा लेख लिहूनही झाला होता. पण मंगळवारी एक पत्र आलं आणि चोक आठवडाभर पुढे गेला.

पत्र टेक्ससहून आलंय. लिहिणारा मुलगा तिकडे इंजिनियर आहे, पण त्याचं आजोळ आमच्या खोताच्या वाडीतलं. शाळेत असताना मे महिन्यात तो इथे यायचा आणि आयडियल वेफरवाल्यांच्या तळणीच्या वासातून धावत आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. तो लिहितो, ‘काका, मागच्या दोन लेखांतली वायूच्या बंदुकीसाठीची कुकरची शिट्टी आणि जडत्वाच्या बंदुकीसाठीचा लोकलचा धक्का, दोन्ही नीट समजले. पण मी यंदा पहिल्यांदा थ्री-गन खेळणार आहे. रायफल आहे, पिस्तूल आहे, शॉटगन घ्यायची राहिली आहे. दुकानदारानं सहा सेमी-ऑटो समोर मांडल्या, तर पहिला हात कुठल्या बंदुकीला लावू?’

त्याच्या नकळत उत्तर त्याच्याच वाक्यात आलंय. हात! बार झाल्यावर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी सेमी-ऑटो वायूवर चालणारी घ्यावी की जडत्वावर चालणारी, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मीही घातलेत. पण या खेळात बंदूक निवडायची ती हाताच्या बाजूनं. तिच्या पोटात काय चाललंय हा प्रश्न नंतरचा.

थ्री-गनमध्ये एकाच फेरीत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तीनही हत्यारं वापरायची असतात, धावत, घड्याळाशी स्पर्धा करत. रायफलच्या मॅगझिनमध्ये तीस गोळ्या मावतात. पिस्तुलाचं मॅगझिन संपलं की दुसरं खटकन बसवता येतं. शॉटगनचं तसं नाही. तिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक भरावी लागतात. टॅक्टिकल म्हणतात त्या गटात बहुतेक ठिकाणी सुरुवातीला फार तर नऊ काडतुसं भरू देतात. समोर मात्र लोखंडी ताटल्या, हवेत उडणाऱ्या मातीच्या थाळ्या आणि एखादं लांबचं लक्ष्य मिळून कधी बारा, कधी वीस निशाणं असतात. राहिलेली सगळी काडतुसं पळता पळता भरायची.

चार वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो, तेव्हा अशा एका सामन्यात दोन दिवस स्कोअर लिहायला बसलो. स्वतः एकही बार काढला नाही. पण हातात कागद आणि शेजारी टायमर असला की माणसाला खेळणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं. नऊ बार काढायला सरावलेल्या नेमबाजाला तीन-चार सेकंद लागत. नवखा त्याच्याहून दोन सेकंदांनी मागे. भरताना मात्र सरावलेला चार काडतुसं दोन सेकंदांच्या आत नळीत ढकलायचा आणि नवखा एकेक काडतूस कमरेवरून काढून, डोळ्यानं तोंड शोधून, आठ-दहा सेकंद घालवायचा. एका फेरीत असं तीनदा झालं की सामना तिथेच संपला. दोन दिवसांचे कागद चाळले तेव्हा स्वच्छ दिसलं की वरचे लोक भरण्यात वर होते. नेमात सगळे साधारण सारखेच.

जेरी मिक्युलेक या अमेरिकी नेमबाजाचं नाव मागे एकदा आलं होतं. त्यानं १९९९ मध्ये सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सहा बार काढले, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरलं आणि आणखी सहा काढले. सगळं मिळून २.९९ सेकंदांत. लोक बारा बार मोजतात. मी मधल्या भरण्याकडे बघत राहतो.

शॉटगन भरण्याची आजची रीत फार जुनी नाही. पूर्वी कमरेच्या पट्ट्यावरच्या खाचांतून चार काडतुसं उचलायची आणि अंगठ्यानं एकेक आत सारायची. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘क्वाड लोड’ रुळलं. पट्ट्यावर काडतुसं दोन-दोनच्या जोड्यांत उभी असतात, एकाच्या बुडाशी दुसऱ्याचं तोंड. एका मुठीत अशा दोन जोड्या येतात. बंदूक खांद्याशी उलटी करून तिचं पोट वर आणायचं आणि अंगठ्याच्या एका रेट्यात एक जोडी आत घालायची, लगेच दुसरी. बाराबोअरच्या काडतुसाचं ७० मिलिमीटर हे माप बार झाल्यावर उलगडलेल्या काडतुसाचं, भरलेलं काडतूस सहा सेंटिमीटरांच्या आसपास; म्हणजे एका रेट्यात अंगठ्याला सुमारे १२ सेंटिमीटरांचा ऐवज सरळ रेषेत ढकलायचा असतो. तोंड अरुंद असेल किंवा काठ धारदार असेल, तर पहिलंच काडतूस तिरकं होतं. काही बंदुकांत काडतूस वर उचलणारी पोलादी पट्टी आखूड असते आणि तिचा काठ अंगठ्याच्या नखाखाली घुसतो. स्कोअर लिहिताना रक्ताळलेले अंगठे मी मोजले नाहीत, पण ते बरेच होते.

इथे थोडा आडवळणानं जातो, कारण हात आणि बंदूक यांची इतकी बोलकी गोष्ट दुसरी मला माहीत नाही.

जगातली पहिली यशस्वी सेमी-ऑटो शॉटगन जॉन ब्राउनिंगची. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं तो आपल्या बंदुकांच्या कल्पना विंचेस्टर कंपनीला एकरकमी विकत आला होता. या बंदुकीची किंमत त्याला ठाऊक होती. त्यानं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगामागे हिस्सा मागितला आणि विंचेस्टरनं नकार दिला. मग तो रेमिंग्टनकडे गेला. जानेवारी १९०२ मध्ये भेटीच्या दिवशीच रेमिंग्टनचे प्रमुख मार्सेलस हार्टली हृदयविकारानं गेले. ब्राउनिंगनं जहाज पकडलं आणि बेल्जियममधल्या एफ.एन. कारखान्याशी करार केला. पाठीला कुबड असलेली ती ‘ऑटो-५’ पुढे जवळजवळ शंभर वर्षं बनत राहिली.

विंचेस्टरला तशी बंदूक हवी होतीच. पण ब्राउनिंगची पेटंटं इतकी घट्ट लिहिलेली होती की बोल्ट मागे ओढायची साधी मूठही त्यांना लावता येईना. त्यांच्या टी. सी. जॉन्सननं पळवाट काढली. बोल्टला मूठ लावायचीच नाही, नळीवर खरबरीत पट्टा ठेवायचा आणि पहिला बार भरताना सबंध नळी मागे खेचायची. हीच १९११ सालची विंचेस्टर. आतलं यंत्र वाईट नव्हतं. पण त्या काळची काडतुसं पुठ्ठ्याची. दमट हवेत ती फुगत आणि नळीत रुतून बसत. रुतलेलं काडतूस काढायला लोक दस्ता जमिनीवर टेकवत आणि दोन्ही हातांनी नळी खाली दाबत. अशा वेळी नळीचं तोंड तोंडासमोर येई आणि काडतूस भरलेलंच असे. त्या बंदुकीला ‘विधवा करणारी’ हे नाव पडलं. १९२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

कोकणातल्या माणसाला फुगलेलं काडतूस समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मामांकडे रानडुकरांसाठी परवान्याची दुनळी होती. जून लागला की मामा काडतुसं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकणाच्या फटीवर मेण ओतत. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि मामी म्हणायच्या, ‘आता डुकरांनाही कळलं असेल.’ दुनळी मोडून उघडायची, फुगलेलं काडतूस बोटानं ओढायचं, बोट घसरलं तर सुरीचं टोक. पण नळीचं तोंड कायम जमिनीकडे. मामांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते हे. नेम नंतर.

म्हणून टेक्ससच्या पोराला सांगतो, दुकानात गेलास की आधी बंदूक रिकामी आहे हे दुकानदाराकडून आणि मग स्वतः बघून घे. खांद्याला लाव. दस्ता लांब वाटला तर पुढचं सगळं लंगडं होईल, कारण भरताना तू ती बंदूक एका हातावर तोलणार आहेस. मग उलटी कर. खोटी काडतुसं माग. चांगला दुकानदार देतो. डोळे मिटून चार आत घाल. अंगठा कुठे अडतो ते अंगठाच सांगेल. बोल्टची मूठ बोट ओलं करून ओढ, घामेजल्या हातातून ती निसटता कामा नये. बोल्ट सोडायचं बटण आणि सेफ्टी हातमोजा घालून सापडते का पाहा. एवढं झालं की सहातल्या तीन बंदुका आपोआप बाजूला होतील.

उरलेल्या तिनांत यंत्राचा विचार कर. या खेळासाठी तोंड रुंद करून, नळी लांबवून तयार मिळणाऱ्या बंदुका आता बऱ्याच आहेत. स्टोगरची एम-३-के ही तुर्कस्तानात बनते, जडत्वावर चालते आणि पैशाला हलकी आहे. पहिल्या वर्षासाठी ती पुरेशी आहे असं माझं ठाम मत आहे. मॉसबर्गची ९४० जे.एम. प्रो वायूवर चालते. तिच्या नावातली अक्षरं वर सांगितलेल्या मिक्युलेकची. तिचा दणका मऊ आहे, पण वायूची वाट साफ ठेवायची शिस्त हवी. बेनेलीची एम-२ महाग. तिच्या पोटात सुटे भाग थोडे, काजळी कमी. दहा वर्षं खेळायचं मनात असेल तर तीच. फक्त लक्षात ठेव, जडत्वाच्या बंदुकीला मागे सरकायला मोकळीक लागते. लोकल हललीच नाही तर उभ्या माणसाला धक्का बसत नाही. तिच्यावर दिवे आणि जड पट्ट्या लादल्या आणि हलकी काडतुसं घातली, की बोल्ट अर्ध्यात अडतो. म्हणून सामन्यात जी स्वस्त काडतुसं वापरणार असशील, त्यातलीच शंभर सलग झाडून बघ. एकही अडकलं तर कारण सापडेपर्यंत ती बंदूक सामन्याला नेऊ नकोस.

ओपन गटाबद्दलही त्यानं विचारलंय. तिथे पेटीसारखं मॅगझिन आणि लाल ठिपक्याची दुर्बीण चालते, भरण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. मला त्या गटात रस नाही. खेळाचा गाभाच काढून घेतल्यासारखं होतं.

आपल्याकडच्या वाचकांनी मात्र हे वाचून दुकान गाठू नये. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत सेमी-ऑटो बंदूक प्रतिबंधित वर्गात येते. हातानं पुढचा दांडा मागेपुढे करायची पंपाची बंदूक मात्र साध्या परवान्यावर मिळते. तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्यानं ती बनवलीही आहे. गंमत बघा, ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये नेमकं उलट आहे. तिथे सेमी-ऑटोला मुभा आहे आणि पंपाला मनाई. कायद्याला आणि खेळाला एकाच बंदुकीत वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि दोघांचीही कारणं मला पटतात.

मराठी नेमबाज शॉटगनकडे फारसे का वळले नाहीत, हा माझा जुना प्रश्न आहे. दादरच्या कीर्ती कॉलेजात एन.सी.सी.त बंदूक हाती घेतलेल्या अंजली भागवत २००० मध्ये सिडनीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, ती एअर रायफल. कोल्हापूरच्या राही सरनोबतचं २०१८ च्या एशियाडमधलं सुवर्ण पिस्तुलाचं. स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्य रायफलचं. शॉटगनची मोठी नावं दुसरीकडची आहेत : १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणारे बिकानेरचे महाराजा करणीसिंह, २००४ मध्ये अथेन्सला रौप्य आणणारे राज्यवर्धनसिंह राठोड. हात आपल्याकडेही आहेत. जमीन नाही. एअर रायफलला दहा मीटरची खोली पुरते. ट्रॅपचे बारीक छर्रे दोनशे मीटरपर्यंत जातात आणि रेंजला त्याहून लांब मोकळं रान लागतं. आमच्या वाडीत समोरासमोरच्या दोन ओट्यांवरची माणसं हात लांबवून चहाचा कप देतात. तिथे शॉटगनचं वेड धरणारा माणूस वाचनावर आणि दुसऱ्याच्या स्कोअरवरच जगतो. काडतुसं तेवढी आपल्या घरची आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ देशभर जातात.

पण भरायला रान लागत नाही. हे मला त्या दोन दिवसांनी शिकवलं, आणि परत आल्यावर मी एका कातारी मित्राकडे गेलो. त्याच्याकडून सागाची सोळा काडतुसं कातून घेतली, खऱ्याएवढी लांब, बुडाशी कड असलेली. पहिली खेप अगदी हलकी झाली. हातात घेताच खोटी वाटत. खऱ्या काडतुसात नुसते छर्रेच ३२ ग्रॅम असतात. मग प्रत्येकाला बुडाकडून भोक पाडून चौपाटीवर गळाला लावतात ते शिसं त्यात ठोकलं. प्लॅस्टिकच्या नळीत एक लांब स्प्रिंग बसवली, तोंड कानशीनं घासलं आणि नळी ओट्याच्या लाकडी कठड्याला बांधली. तोंड मुद्दाम दोनदा बदललं. पहिलं अरुंद ठेवलं होतं, तेव्हा चार काडतुसांना मला सहा सेकंद लागत. अर्ध्या बोटानं रुंद केलं आणि काठ गोल केला, तर महिन्याभरात चारांवर आलो. हात तोच, काडतुसं तीच.

तो डिसेंबरात आजीकडे येतोय. सोळाही काडतुसं मी तेल लावून डब्यात ठेवली आहेत. शेवटच्या दोन कड्या जरा झिजल्या आहेत, त्या बदलून घ्यायच्या आहेत.

चोक पुढच्या आठवड्यात.