एकच लहर, लाखो कान
लेखमाला : घरबसल्या कॉलेज (भाग ५)

मागच्या भागात ऑनलाइन अभ्यासक्रमाची नोंदणी, आठवड्याचे वेळापत्रक आणि परीक्षेचे नियम पाहिले. आता एक विषय हातात घेऊ : इलेक्ट्रॉनिक प्रसारमाध्यमांची ओळख. शेगावसारख्या गावातला कला किंवा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ऐच्छिक विषय निवडताना या नावापाशी हमखास थांबतो. टीव्ही घरात आहे, रेडिओ माहीत आहे, मोबाइल तर हातातच आहे, मग यात अवघड ते काय, असे त्याला वाटते. इथेच घात होतो. माध्यम वापरता येणे आणि माध्यम कळणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कापणे हाच या प्राथमिक अभ्यासक्रमाचा हेतू असतो.

पहिल्या आठवड्यात बहुधा एकच प्रश्न असतो : ‘जनमाध्यम’ कशाला म्हणायचे? पुस्तकी व्याख्या पाठ होते आणि विसरलीही जाते. शेगावकराने ती गजानन महाराजांच्या प्रगटदिनाच्या गर्दीत तपासून पाहावी. माघ वद्य सप्तमीला गावात लाखो भाविक येतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो. मंदिराजवळ उभे राहून व्हिडिओ लावला तर तो अडखळतो, कारण टॉवरची क्षमता ठरावीक असते आणि ती तिथल्या सगळ्यांत वाटली जाते. व्हिडिओ पाहणारा प्रत्येक जण स्वतंत्र प्रत मागवत असतो. माणसे वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. त्याच गर्दीत कोणी छोटा रेडिओ लावला, तर त्याच्या शेजारी आणखी हजार रेडिओ सुरू झाल्याने त्याचा आवाज तसूभरही कमी होत नाही. प्रक्षेपकातून निघालेली लहर एकच असते. ती दहा जणांनी ऐकली काय आणि दहा लाखांनी ऐकली काय, केंद्राचा खर्च तेवढाच. प्रसारण आणि इंटरनेट यांतला हा मूळ फरक एकदा कळला की पुढची अनेक प्रकरणे सोपी होतात. जाहिरातीचा दर श्रोत्यांच्या संख्येवर का ठरतो, पूर आला की प्रशासन रेडिओची आठवण का काढते, मोबाइल कंपन्या डेटा मोजून का विकतात, या सगळ्याचे उत्तर तिथे आहे.

दुसरा धडा लहरींचा. बरेच विद्यार्थी तो विज्ञानाचा म्हणून सोडून देतात. सोडू नका. मध्यमलहरी जमिनीला धरून दूरवर जातात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्याहूनही लांब पोचतात. नागपुरात आकाशवाणीने १९८८ साली राष्ट्रीय वाहिनीसाठी १००० किलोवॅटचा मध्यमलहरी प्रक्षेपक चालवायला घेतला, तो याच गुणाच्या भरवशावर. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने रात्रीचे प्रसारण तिथून सर्वदूर जाऊ शकत होते. शेगाव तर नागपूरहून सरळ रेषेत जेमतेम अडीचशे किलोमीटर. एफएमचे तसे नाही. ती लहर जवळपास नजरेच्या टप्प्याइतकीच जाते, पण आवाज स्वच्छ असतो. म्हणून एफएमला अकोल्यासारखे जवळचे केंद्र लागते. दूरवर पोचणारा पण खरखरणारा आवाज हवा, की जवळच्या भागापुरता स्वच्छ आवाज हवा, हा पर्याय तंत्रज्ञांपुढे जसा होता तसाच धोरण आखणाऱ्यांपुढेही होता.

याच धड्यासाठी एक प्रयोग सुचवतो. क्रिकेटचा सामना असेल आणि आकाशवाणीवर समालोचन असेल, तेव्हा रेडिओ, घरातली डिश आणि मोबाइलवरचे थेट प्रक्षेपण एकाच वेळी लावा आणि विकेट कुठे आधी पडते ते पाहा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रकाशाच्या वेगाने वर जाऊन खाली यायला संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो. चित्र दाबून लहान करायला आणि घरी पुन्हा उलगडायला आणखी वेळ जातो. मोबाइलवर तर चित्रफितीचे छोटे तुकडे केले जातात आणि काही तुकडे आधी साठवून मगच दाखवले जातात. त्यामुळे तिथे विलंब कितीतरी जास्त असतो. ‘थेट’ हा शब्द तिन्हीकडे वापरतात, पण तिन्हीकडचा क्षण निराळा असतो. हा प्रयोग घरी करून वहीत नोंदवला, तर परीक्षेतल्या प्रश्नाला स्वतःचे उदाहरण मिळते.

मग येतो मालकीचा प्रश्न. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले. पुढे प्रसारण सरकारच्या हाती गेले आणि अनेक दशके तिथेच राहिले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेही सरकारीच. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात निकाल दिला की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर सरकारची मक्तेदारी नसावी, आणि खासगी पैशाचीही नसावी. सामुदायिक रेडिओची, म्हणजे स्थानिक लोकांनी आपल्या परिसरासाठी चालवलेल्या केंद्रांची, मागणी करणाऱ्यांना या निकालाने मोठे बळ मिळाले. सरकारने २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना तशी केंद्रे काढण्याची मुभा दिली. शक्ती जेमतेम १०० वॅट, टप्पा दहा-पंधरा किलोमीटर. शेगाव आणि आसपासची खेडी त्यात सहज बसतात. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र चालते, ते याच वाटेने. शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या कला शाखेच्या मुलांनी तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना गाठावे आणि १०० वॅटचा प्रक्षेपक कसा चालतो ते त्यांच्याकडून समजून घ्यावे. व्हिडिओतले व्याख्यान ही गोष्ट देऊ शकत नाही.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. प्रसारमाध्यमातून शिकण्याचा जगात गाजलेला एक प्रयोग महाराष्ट्रात झाला आणि आपल्याच मुलांना तो माहीत नसतो. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुण्याभोवतालच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ मंडळे स्थापन झाली. गावातले दीड-दोन डझन लोक आठवड्यातून दोनदा संध्याकाळी एकत्र बसत आणि शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. रेडिओ बंद झाला की त्यावर चर्चा करत. शंका केंद्राकडे पाठवल्या जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांच्या अभ्यासात तीन प्रकारची गावे तुलनेला होती : रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. निष्कर्ष स्पष्ट निघाला. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढले. जिथे नुसता रेडिओ होता, तिथे फारसा फरक पडला नाही.

हा निष्कर्ष ऑनलाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने नीट मनात ठेवावा. रेडिओ तोच होता, कार्यक्रम तेच होते. फरक पडला तो ऐकल्यावर चार माणसांत झालेल्या बोलण्याने.

पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले. पुणे विद्यापीठातल्या केंद्रातही त्यासाठी कार्यक्रम तयार झाले. कार्यक्रम चांगले असत, पण दुपारच्या वेळी एकटा विद्यार्थी ते पाही आणि त्याची शंका त्याच्यापाशीच राही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याने पुस्तकांच्या जोडीला अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे ठेवली, हा शहाणपणाचा निर्णय होता. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावर प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चा. गुणांची वाटणी साधारणपणे अंतर्गत स्वाध्यायांना ३० टक्के आणि शेवटच्या परीक्षेला ७० टक्के अशी असते. चर्चेचे गुण वेगळे मोजले जात नसतील, तर विद्यार्थी तो भाग वगळतात. १९५६ च्या गावांनी ज्याचा फायदा घेतला, तोच भाग आज सर्वांत आधी कापला जातो, याचे वाईट वाटते.

शेगावच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. ‘श्रीगजाननविजय’ या पोथीचे एकवीस अध्याय घरी एकट्याने वाचायचे ठरवले तर चौथ्या दिवशी खंड पडतो, आणि सामुदायिक पारायणात बसलेला माणूस ते पूर्ण करून उठतो. अभ्यासाचेही तसेच आहे.

म्हणून चार-पाच जणांचा गट करा. व्हिडिओ प्रत्येकाने आपापल्या सोयीने पाहावा. कमी दर्जाचे चित्र लावले तरी चालते, शिक्षकांचा आवाज महत्त्वाचा. मग आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून एकत्र बसा. अभ्यासक्रम इंग्रजीत असेल तर मुद्दे आधी मराठीत बोला आणि मग इंग्रजीत लिहा. द्वारपाल ही कल्पना आली, म्हणजे कोणती बातमी आत घ्यायची आणि कोणती बाहेर ठेवायची हे ठरवणारा माणूस, तर एकाच दिवशीच्या नागपूर केंद्राच्या प्रादेशिक बातम्या, एक खासगी मराठी वाहिनी आणि गावातल्या व्हॉट्सअॅप गटावरचे निरोप यांची यादी करा. बुलढाणा जिल्ह्यातले काय कुठे आले, कुठे आलेच नाही, ते लिहून काढा. माध्यमे ज्या विषयांना जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात, हा अजेंडा ठरवण्याचा सिद्धांत मॅकोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल गावच्या मतदारांवर तपासला होता आणि १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत फार अवघड नव्हती : बातम्यांत कशाला किती जागा मिळाली ते मोजायचे आणि लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात ते विचारायचे. कापसाचा भाव, पाणी, रस्ते, रेल्वे यांपैकी तुमच्या गल्लीला काय महत्त्वाचे वाटते आणि वाहिन्यांना काय, हे पाच मुले एका रविवारी मोजू शकतात.

या सत्रात हा विषय घेणार असाल तर नोंदणी करण्यापूर्वी वर्गात, वाचनालयात, शेजारी विचारा आणि सोबती मिळवा. आधीच एकट्याने नोंदणी केली असेल, तर दुसरा स्वाध्याय पाठवण्याआधी निदान एकाला तरी गाठा आणि तो स्वाध्याय त्याच्याशी बोलूनच लिहा.