तोल सांभाळा, गणित आपोआप सुटेल!

बलाचा फिरवण्याचा परिणाम म्हणजे आघूर्ण. सूत्र एका ओळीचं : बल गुणिले टेकूपासूनचं लंब अंतर. दोन्ही बाजूंचे गुणाकार सारखे झाले की तोल साधला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत हे सूत्र कुठे कुठे भेटतं, बघा!

नऊ थरांचं गणित : १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावले. उंची १३.३४ मीटर, गिनीज बुकात नोंद! एवढा मनोरा नुसता ५ अंशांनी कलला तरी त्याचं टोक एक मीटरहून जास्त सरकतं. म्हणूनच खालचे थर रुंद आणि भक्कम हवेत. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायाच्या आत पडतो तोवर मनोरा उभा. बाहेर गेला की वजनच त्याला पाडतं.

चौथी सीट नकोच : रिक्षाची तीन चाकं जोडा, त्रिकोण होतो आणि त्याचं टोक पुढे येतं. ड्रायव्हरशेजारी बसलेला चौथा प्रवासी वजन त्या निमुळत्या टोकाकडे नेतो. तिथे त्रिकोण अरुंद, त्यामुळे वळणावर रिक्षा कलंडायला कमी धक्का पुरतो. डोंबिवली स्टेशन गाठायची कितीही घाई असो, पुढच्या रिक्षाची वाट बघा.

लोकलमध्ये खांब वर धरा : ब्रेक लागला की धक्का साधारण १ मीटर उंचीवर, कमरेपाशी जाणवतो, टेकू म्हणजे तुमचे पाय. खांब १.८ मीटरवर धरला तर धक्क्याच्या जेमतेम ५६ टक्के जोर लावून तोल सावरतो. कमरेपाशी धरला तर पूर्ण जोर लागतो.

घोडबंदरच्या क्रेन : टॉवर क्रेनच्या आखूड हातावर काँक्रीटचे ठोकळे असतात. तेच समोरच्या ओझ्याचा तोल राखतात. १० मीटरवर ८ टन आणि ४० मीटरवर २ टन, दोन्हींचं आघूर्ण सारखंच! म्हणून ओझं लांब न्यायचं तर ते हलकंच हवं.

लबाड तराजू पकडा : दांडीचे दोन हात असमान असले तर माल एकदा डाव्या, एकदा उजव्या पारड्यात तोला. वजनं ४०० आणि ९०० ग्रॅम आली? गुणाकार करून वर्गमूळ काढा. खरं वजन ६०० ग्रॅम!

परीक्षेसाठी हुकमी युक्ती : दोघांनी ३ मीटरचा बांबू खांद्यावर घेतलाय. ६० किलोचं ओझं पुढच्यापासून १ मीटरवर लटकतंय. बांबूचं वजन सोडून द्या. कुणावर किती भार? टेकू मागच्याच्या खांद्यावर माना. त्याच्या बलाचं अंतर शून्य, म्हणजे ते समीकरणातून गायब! उरलं : पुढचा भार × ३ = ६० × २. पुढच्यावर ४० किलो, मागच्यावर २०.

जे बल माहीत नाही, टेकू तिथेच ठेवा. अर्धं गणित तिथेच सुटतं!